लाडबोरीचे आभाळ

नागभीडहून बल्लारपूरकडे निघालेल्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, तर भाताच्या बांध्या आणि मधूनमधून चमकणारे तलाव बघत वेळ कसा जातो ते कळत नाही. सिंदेवाही हे त्याच वाटेवरचे तालुक्याचे गाव. ताडोबाला वाघ बघायला जाणारी मंडळी इकडे सहसा वळत नाहीत. पण आभाळाकडे बघण्याचा नाद असलेल्या माणसाने इथे एकदा जरूर यावे. या तालुक्यातल्या लाडबोरीत आभाळातली वस्तूच खाली आली होती!

तो दिवस २ एप्रिल २०२२चा, म्हणजे गुढीपाडव्याचा. रात्री आठच्या सुमारास जळत्या ठिणग्यांची एक लांबलचक माळ आकाशातून सरकत गेली. महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशातही लोकांनी ती पाहिली. कुणी उल्कापात म्हटले, कुणी विमान पेटले म्हटले. लाडबोरीतले एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले, "आमाले वाटलं तारा तुटला. पण तो तं थांबूनच नाही राहिला ना जी!"

आजोबांनी नेमकी खूण सांगितली. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा पापणी लवते न लवते तोच विझते. पृथ्वीभोवती फिरून खाली आलेली वस्तू सुमारे ८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवीच वातावरणात शिरते. त्यामुळे ती सावकाश, तुकडे होत जळते. विमान म्हणावे तर लाल-हिरवे दिवे हवेत. धडधाकट उपग्रह तर मुकाट्याने सरकतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की भर आकाशात नाहीसा होतो.

वेळ आणि मार्ग यांचा मेळ घालून जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने अंदाज दिला, तो असा: फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या 'चांग झेंग ३ बी' रॉकेटचा हा तिसरा टप्पा. म्हणजे वर्षभर ते धूड आपल्या डोक्यावरून घिरट्या घालीत होते.

लाडबोरीकरांना मात्र पुरावा दारातच मिळाला. बैलगाडीच्या चाकाची धाव आठवा. तसेच, पण माणसाच्या उंचीहून मोठे धातूचे कडे गावातल्या मोकळ्या जागेत दाणकन आदळले. आसपास धातूचे गोळेही सापडले. कुणाला इजा झाली नाही. लोक घाबरून घरात बसून राहिले, एवढेच. असे नुकसान यान सोडणाऱ्या देशाने भरून द्यावे, असा १९७२चा आंतरराष्ट्रीय करार आहे. पण बसलेल्या धसक्याचे पैसे कोण मोजणार?

दिवाळी नुकतीच झालेली, चंद्र नाही. जेवणाआधी आम्ही खळ्यावर बसलो होतो. उत्तरेकडे निघालेला एक ठिपका उजळे, मंदावे, पुन्हा उजळे. कोलांट्या खात फिरणारे रिकामे रॉकेट असावे, असे मी म्हणालो.

"हे पडन का जी?" शेजारच्या पोराने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता तो आजीजवळ सरकला.