चिकट प्लास्टिकशी समेट

पारदर्शक चिकट प्लास्टिकच्या रोलबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. पुस्तकाला खाकी कव्हर, त्यावर नावाची चिठ्ठी, वर्ष संपलं की सगळं रद्दीत, ही पद्धत मला पुरेशी वाटायची. वस्तूवर चकचकीत थर चढवायचा म्हणजे ती वापरायची कमी आणि मिरवायची जास्त, असंही मी बोलून दाखवलं आहे. आज तो रोल माझ्या टेबलाच्या खणात कायम असतो.

मी औंढा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली-दुसरीसाठी शब्दकार्डं आम्हीच करतो: पुठ्ठा कापायचा, स्केचपेननं लिहायचं. पोषण आहाराची खिचडी खाऊन हात धुतलेलं पोर ओल्या बोटांनी कार्ड उचलतं आणि ‘कमळ’मधला ‘ळ’ पसरतो. म्हणून माझी कार्डं कपाटात राहायची. मी ती लांबून दाखवायची, मुलांनी बघायची. शेजारच्या वर्गातल्या बाईंची कार्डं मात्र व्हरांड्यात पोरांच्या हातात, पायात, दप्तरात असायची. त्यांवर हेच प्लास्टिक होतं. माझी कार्डं नवीकोरी राहिली होती आणि त्यांची मुलं वाचत होती. ज्याला मी मिरवणं म्हणत होते, त्यामुळेच तिथे वस्तू वापरात आली होती. माझं मत बदललं ते तिथे.

लॅमिनेशन का करत नाही, असं कुणी विचारेल. त्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात जावं लागतं, आणि त्या गरम मशीनमध्ये जाड पुस्तक, पुठ्ठ्याचा डबा किंवा बाकाचा पृष्ठभाग जात नाही. रोल थंडच चिकटतो. शिवाय त्यावर व्हाइटबोर्डच्या मार्करनं अक्षर गिरवून लगेच पुसता येतं, एकच कार्ड वर्गभर फिरतं.

लावायची हातोटी मात्र हवी. मागचा कागद एकदम सोलला की प्लास्टिक स्वतःलाच चिकटतं आणि मग रागावण्यापलीकडे काही उरत नाही. दोन बोटं रुंदीचाच कागद सोलायचा, तेवढं बसवायचं, मग पट्टीनं दाबत पुढे सरकायचं. बुडबुडा राहिलाच तर टाचणीनं टोचून दाबायचा. काचेवर लावताना आधी साबणाचं पाणी शिंपडलं तर तुकडा सरकवून जागेवर आणता येतो.

घरात त्याची खरी परीक्षा मसाल्याच्या फळीवर झाली. आमचा जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. फळीवर वर्तमानपत्र घातलं तर तेल-हळद पिऊन ते तिथेच चिकटून बसतं. प्लास्टिकलाही हळदीचा डाग पडतो, अगदी पिवळाधमक. पण खालचं लाकूड वाचतं आणि तुकडा सोलून बदलता येतो. उरलेला चिकटा खोबरेल तेल चोळलं की सुटतो.

हस्तकलेत तर मी हावरटच झाले आहे. पाटावर तुकडा चिकटवायचा, त्यातून गोपद्म किंवा कमळ ब्लेडनं कापून काढायचं, स्पंजनं रंग टिपायचा आणि रंग पुरता वाळायच्या आत प्लास्टिक सोलायचं. कडा रेखीव येतात. आकाशकंदिलाच्या पतंगी कागदावर हा थर असला की दिवाळीतल्या अवकाळी पावसाची भीती कमी होते. नागनाथाच्या गावात बेलाला तोटा नाही, म्हणून मुलं पानांच्या संग्रहात पहिलं पान बेलाचंच लावतात. पण ताजं पान दोन थरांत बंद केलं तर त्यातलाच ओलावा त्याला काळं करतो, बुरशीही येते. आधी ते रद्दीच्या घडीत, वजनाखाली, कागद बदलत पूर्ण वाळवायचं.

माझी जुनी तक्रार मी सगळीच मागे घेतलेली नाही. कागदाला प्लास्टिक एकजीव चिकटलं की तो कागद रद्दीत जात नाही, प्लास्टिकही वेगळं निघत नाही. म्हणून दरवर्षी बदलणाऱ्या पुस्तकांना मी अजूनही खाकीच कव्हर घालते.

आणि एका बाबतीत मी पूर्वीपेक्षाही कडक झाले आहे: जुने कागद. रिचर्ड ड्रू यांनी अमेरिकेत १९३० मध्ये पारदर्शक चिकटपट्टी आणली, आणि पुढे तज्ज्ञांनाही तिचा मोह आवरला नाही. मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या गुंडाळ्यांचे तुकडे १९५०च्या दशकात अभ्यासकांनी चिकटपट्टीनंच जोडले. गोंद आत झिरपला, कडा काळ्या पडल्या, आणि १९९१ पासून जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत तो गोंद काढण्याचं काम चालू झालं. जाणकार जुन्या कागदाला पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावतात, कारण ती पुन्हा सोडवता येते.

तेव्हा आजोबांच्या हातची अभंगांची वही किंवा जुनं खरेदीखत घरात असेल, तर कृपा करून त्याला हा रोल लावू नका. त्याची झेरॉक्स काढा, हवं तेवढं प्लास्टिक झेरॉक्सवर चढवा. मूळ कागद धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.