खिडक्या बदलतांना

माणसाचें वय दांतांवरून ओळखावें आणि घराचें खिडक्यांवरून. आमच्या नागपूरच्या घराच्या सागवानी खिडक्यांनीं आतां ७० पावसाळे पाहिले आहेत. पावसाळ्यांत त्या फुगतात व लागत नाहींत. उन्हाळ्यांत आकसतात व त्यांच्या फटींतून वैशाखाची झळ आंत येते. पारा ४५ अंशांवर गेला, म्हणजे विकत घेतलेला एसीचा गारवा त्याच फटींतून रस्त्याला दान होत असतो. यंदाचें विजेचें बिल पाहून चिरंजीवांनीं ठराव मांडला, "बाबा, साऱ्या खिडक्या काढून टाकूं. दुहेरी कांचेच्या सरकत्या बसवूं."

ठराव अविचाराचा मुळींच नव्हता. एकेरी कांचेंतून जितकी उष्णता वाहते, तिच्या साधारण निम्मीच दुहेरी कांचेंतून वाहते; मध्यें कोंडलेली हवा तिची वाट अडविते. थंड देशांत घरांतील ऊब राखण्यास हा उपाय उत्तम. परंतु आमचें वैर उन्हाशीं आहे. साधी कांच एक असो वा दोन, ऊन तींतून सुखेनैव आंत शिरतें आणि जमीन, भिंती, गाद्या तापवून ठेवतें. ऊन अडविणाऱ्या लेपाची कांच मिळते, पण ती महाग. आणि तेंच काम खिडकीबाहेरचा छज्जा किंवा बांबूची चीक स्वस्तांत करते. ऊन कांचेला शिवण्यापूर्वींच अडवावें, हें त्यांतलें मर्म.

शिवाय आमच्या घरीं एसी एकाच खोलींत. बाकी सर्वत्र कूलरचें राज्य; आणि कूलरचें शास्त्र अगदीं उलटें! त्याच्या समोरची खिडकी उघडी नसेल, तर ओलसर हवा कोंडते आणि माणूस घामानें चिंब होतो. म्हणजे ज्या खोल्यांतून हवा बाहेर जावयास हवी, त्याच खोल्या आम्ही हौसेनें बंद करणार होतों.

माझी आई ८४ वर्षांची. पूर्वेच्या खिडकीशीं तिची खाट आहे. तिनें सारी चर्चा मुकाट्यानें ऐकली आणि नातवाला विचारलें, "अरे, रात्रीं वीज गेली म्हणजे तुझी कांच काय करील?" सरकती खिडकी कितीहि सरकविली तरी अर्धीच उघडते. उन्हाळ्यांतील बंद खोली वृद्ध देहाच्या जिवावर बेतूं शकते, हें त्या एका प्रश्नांत होतें. चिरंजीव निरुत्तर झाले. मलाहि बिलाचा आंकडा एकाएकीं लहान वाटूं लागला.

अखेर एसीच्या खोलीलाच दुहेरी कांच बसली, तीहि पूर्ण उघडणाऱ्या झडपांची. इतर खिडक्यांना सुतारानें रंधा मारला, फटींना रबरी पट्ट्या लावल्या. पश्चिमेला बाहेरून चिका सोडल्या. एसी २४ अंशांवर ठेवण्याचें ठरलें, कारण एक अंश वर नेला तर सुमारें ६ टक्के वीज वांचते, असें सरकारी ऊर्जा खातें सांगतें.

चिरंजीव आतां दरमहा बिलें जपून ठेवीत आहेत. पुढल्या वैशाखांत हिशेब होईल. आईचा निकाल मात्र आधींच लागला आहे. ती रात्रीं खिडकी सताड उघडून स्वस्थ झोंपते.