केराच्या डब्यापुढचा कूड

बीड शहरांतील आमच्या घराच्या फाटकांतून आंत येणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीस जास्वंदीच्या आधीं केराचा डबा पडे. डबा कसला, जुन्या पिंपाचा अर्धा तुकडा तो! २०१५ च्या नाताळांत पाहुणे यावयाचे होते, तेव्हां आई म्हणाली, "हा डबा कुठंतरी दृष्टीआड कर बघू." मी त्या वेळीं नववींत होतों; सुटी लागली होती; काम मोठ्या उत्साहानें अंगावर घेतलें.

आमच्या आजोळीं, पाटोदा तालुक्यांत, असला प्रश्न कधीं कोणास पडल्याचें मीं पाहिलें नाहीं. तेथें परसांत उकिरडा असतो. शेण, राख, जनावरांची उष्टी वैरण सारें त्यांत कुजतें आणि उन्हाळ्यांत गाड्या भरून शेतांत जातें. बारा वर्षांनीं उकिरड्याचाहि पांग फिटतो म्हणतात. तेथें तो दरवर्षीं फिटतो. शहरांतील डब्यांत मात्र प्लास्टिकच्या पिशव्या, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि तुटक्या चपला. त्यांचा पांग बाराशें वर्षांतहि फिटणें कठीण. म्हणूनच त्या लपवाव्याशा वाटत असाव्या.

मामांकडून गेल्या सालच्या तुराट्या आणल्या. चार मेढी रोवून, आडव्या कांबी बांधून, तुराट्यांचा पुरुषभर उंच कूड तीन बाजूंनीं उभा केला. डबा भिंतीच्या उत्तर अंगास नेला. कारण आमच्याकडील ऊन डब्यावर पडूं लागलें म्हणजे दुर्गंधीस पाय फुटतात. मामांनीं एक गोष्ट बजावून सांगितली: कुडाचें खालचें टोंक जमिनीस टेकूं देऊं नकोस, वीतभर मोकळें ठेव. केरास उंदीर येतात, उंदरांमागून साप येतो, आणि बालाघाटाच्या मुलखांत फुरशाची भीति थोडी नाहीं.

कुडाबाहेर झाडें लावलीं. मेंदी आईच्या आवडीची. अडुळसा आणि सीताफळ मामांच्या सल्ल्याचीं, कारण या दोहोंच्या पाल्यास शेळी तोंड लावीत नाहीं. सीताफळ तर आमच्या डोंगरांत आपोआप वाढतें, आणि बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे. असें फळ केराच्या डब्याचें द्वारपाल व्हावें याचें पाहुण्यांस हंसूं आलें. मला मात्र अभिमान वाटला.

पुढें २०१६ चा उन्हाळा आला. मराठवाड्यांत पाण्याचा असा दुष्काळ पडला कीं, शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आमच्या घरीं टँकरचें पाणी हंड्यांनीं मोजून घेत. मेंदी गेली. सीताफळ व अडुळसा भांडीं घासल्याच्या पाण्यावर कसेबसे तगले. पावसाळा मात्र चांगला झाला. घोसाळ्याचा वेल कुडावर चढला आणि भाद्रपदांत पिवळ्या फुलांनीं सारा कूड झांकून गेला. आंत डबा आहे याचा आम्हांसहि विसर पडला.

विसर पडला हेंच वाईट झालें. एके दिवशीं सकाळीं माझ्या हातून लोणच्याची काचेची बरणी फुटली. डबा पूर्वींसारखा उघड्यावर असता तर काचा तशाच टाकण्याचा धीर मला झाला नसता. कुडाआड कोण पाहतो? सुपलीभर काचा ओतल्या, वर भाजीचे देठ टाकले आणि शाळेस गेलों.

सायंकाळीं घरीं आलों तों आई पायरीवर बसलेली, आणि आमच्या आळीचे डबे घंटागाडीपर्यंत नेणाऱ्या मावशींचा हात तिच्या हातांत. तळव्यास पांच टांके पडले होते. मावशी रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "बाई, आधी डबा डोळ्यापुढं व्हता, काय पडलंय ते दिसायचं. आता येलाआड हात घालायचा म्हंजी आंधळ्यावाणी."

आईनें त्यांची मजुरी दिली. आणि त्यांचा हात बरा होईपर्यंत आळींतील अकराहि डबे मीं न्यावे असें फर्मावलें. मीं ते आठ दिवस नेले. पहिल्या दिवशीं मान वर करवेना. वर्गांतील एक मित्र दिसतांच मी गल्लींत वळलों. चौथ्या दिवसापासून मात्र मी डबे पाहूं लागलों. एका घरीं डबा बोगनवेलीच्या जाळींत होता; त्यास हात घालतां मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे उठत. एका घरीं पत्र्याचा सुबक रंगविलेला पडदा होता, आणि त्यामागें तीन दिवसांचें ओलें खरकटें. सर्वांत सोपा डबा कोपऱ्यावरील एका वृद्ध शिक्षकांचा. त्यांच्याकडे पडदा नव्हता. ओलें वेगळें, सुकें वेगळें, आणि दाढीचीं पातीं व सुया एका डबींत बंद. इ. स. २०१६ सालीं निघालेल्या नियमांनींहि घरोघरीं असेंच करण्यास सांगितलें होतें. गुरुजींस तें कोणी सांगावें लागलें नव्हतें. चुना लावलेल्या कबरांचा दाखला आम्हीं शाळेंत पाठ केला होता; तो माझ्या सीताफळांसहि लागूं पडेल असें मात्र वाटलें नव्हतें.

मावशी कामावर आल्या त्या दिवशीं मीं त्यांस विचारलें, कूड काढून टाकूं काय? त्या म्हणाल्या, "काढू नगंस, वास अडतो. त्वांड तेवढं इकडं कर." त्याप्रमाणें कुडाची उघडी बाजू गल्लीकडे वळविली, भिंतींत लहान दार पाडलें, आणि डब्याखालीं दोन फरशा घातल्या, त्यामुळें वांकावें लागत नाहीं. ओला केर सीताफळाच्या बुडाशीं खड्ड्यांत जातो. काच फुटली तर कागदांत गुंडाळून, वर सुतळी बांधून, ती मावशींच्या हातीं देतों.

पाहुण्यांस डबा अजूनहि दिसत नाहीं. गल्लींतून जाणाऱ्यांस मात्र स्पष्ट दिसतो, त्याबद्दल आई अधूनमधून कुरकुरते. गेल्या पावसाळ्यांत वेलास घोसाळीं फार लागलीं. त्यांपैकीं गल्लीच्या बाजूचीं मावशी नेतात.