अंगावर ज्याच्या, त्याला विचारा

पऱ्हाटीची वेचणी आटोपत आली की आपल्या वर्धा जिल्ह्यात गावोगावी कबड्डीचे सामने भरू लागतात. सामन्यांआधी संघाला नवा गणवेश येतो, आणि पुष्कळदा तो खेळणाऱ्यांनाच आवडत नाही. तरी वर्षभर तोच घालावा लागतो. असे का होते, हे मला मुलींचा संघ सांभाळताना कळले.

आमच्या संघाला एका दुकानदाराने १२ गणवेश दिले. देणाऱ्याचे मन मोठे होते. पण पाठीवर दुकानाचे नाव मुलींच्या क्रमांकापेक्षा ठळक, आणि हाफपँट पांढरीशुभ्र! मासिक पाळीच्या दिवसांत पांढरी हाफपँट घालून चारचौघांत खेळायचे म्हणजे मुलींच्या जिवाला घोर. दोघीतिघींनी पोटदुखीचे निमित्त करून सरावाला येणे सोडले. खरे कारण शेवटी एकीने माझ्या कानात सांगितले.

गणवेश परत करावा तर कसा? हल्ली खेळाचा कपडा पॉलिएस्टरचा असतो. नक्षी आधी कागदावर छापतात आणि तापलेल्या यंत्राखाली दाबून कापडात उतरवतात. रंग धाग्यात मुरतो, मग तो निघत नाही. सुती कापडावर ही छपाई नीट धरत नाही, म्हणून कापूस पिकवणाऱ्या आपल्या गावचा संघही पॉलिएस्टरच घालतो. नाव आणि क्रमांक छापलेला माल ना कारखाना परत घेत, ना दुसरा संघ विकत घेत. शिवाय बोलावे तर ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ असे लोक म्हणणार.

मोठ्या संघांचेही असेच असते. वेल्समधल्या कार्डिफ सिटी या फुटबॉल संघाचा रंग पिढ्यानपिढ्या निळा. २०१२ साली मालक व्हिन्सेंट टॅन यांनी तो लाल केला. पैसा त्यांचा, म्हणून लोकांनी सोसले. २०१३ साली संघ लाल रंगातच वरच्या श्रेणीत गेला, तरी नाराजी गेली नाही. जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आणावा लागला.

आपल्या क्रिकेट संघावर ३० जून २०१९ रोजी वेळ आली ती नियमामुळे. विश्वचषकात समोर इंग्लंड, दोन्ही संघ निळे, आणि यजमानाचा रंग कायम राहायचा. म्हणून आपल्या खेळाडूंच्या अंगावर नारिंगी आला. सामना ३१ धावांनी गेला आणि काहींनी खापर त्या रंगावरच फोडले.

म्हणजे कपडा ठरवतो पैसा नाहीतर नियम. घालणाऱ्याला तो कळतो सर्वांत शेवटी. पण बोलले तर बदलते. इंग्लंडच्या महिला फुटबॉलपटूंनी पांढऱ्या हाफपँटची अडचण उघड सांगितली आणि २०२३ साली ती निळी झाली. आमच्या गावात बायकांनी वर्गणी काढून शिंप्याकडून गडद निळ्या हाफपँटी शिवून घेतल्या. पाठीवरचे नाव तसेच राहिले, पण मुली मैदानावर परतल्या.

नवे बियाणे आपण आधी चार तासांत लावून पाहतो, सारे वावर त्याच्या हवाली करत नाही. गणवेशाचेही तसेच करावे. आधी एकच नमुना शिवून घ्यावा, एखाद्या मुलीला तो घालून खेळू द्यावे आणि मगच बाकीचे छापावे. मुलींना विचारायचे काम मात्र गावातल्या एखाद्या जाणत्या बाईवर सोपवावे.