आदर्श उत्तरपत्रिका

दिवाळीला नात नगरला आली होती. (गावाचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर, पण पंचाहत्तरीत जिभेचं वळण सहजी बदलत नाही. असो.) ती पुण्यात मोटारींमधलं सॉफ्टवेअर तपासते. मी सहज म्हटलं, "म्हणजे माझंच काम, पेपर तपासायचं!"

"नाही आबा, पेपर संगणकच काढतो आणि तपासतोही तोच. मी फक्त नियम लिहून देते."

मग तिने माझ्या वहीत तक्ता आखला. एका बाजूला काय घडलं, दुसऱ्या बाजूला गाडीने काय करायचं. इंडिकेटरची दांडी डावीकडे, तर डावा दिवा लुकलुकायचा. धोक्याचं बटण दाबलं, तर चारही. या तक्त्यावरून संगणक घटनांच्या असंख्य साखळ्या जुळवतो, त्या खऱ्या प्रोग्रॅमला देतो आणि आलेलं उत्तर तक्त्याशी ताडून पाहतो. मागण्या अशा तक्त्यात लिहिण्याची एक पद्धत पुण्याच्याच टीआरडीडीसीतल्या (टाटांची ही संशोधन संस्था १९८१ची) संशोधकांनी २०१४ साली मांडली होती म्हणे.

"आता धोक्याचं बटण बंद केलं, पण दांडी अजून डावीकडेच आहे. काय व्हायला हवं?"

"डावा दिवा पुन्हा लागेल की."

"तुम्हाला वाटतं तसं. कागदावर कुठे लिहिलंय?"

तक्ता भरतानाच अशी भोकं दिसतात, ती म्हणाली. नाही दिसली, तर चुकीच्या तक्त्याशी जुळणारा चुकीचा प्रोग्रॅमही पास! ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं. त्याची दिशा मोजणारी यंत्रणा आधीच्या एरियान-४ वरून घेतलेली, आणि तिच्या मागणीपत्रात नव्या रॉकेटचा उड्डाणमार्ग धरलेलाच नव्हता.

मी गप्प झालो. मला 'पीतांबर' आठवला.

सहामाहीचे पेपर होते. छापील आदर्श उत्तरपत्रिकेत 'पीतांबर : कर्मधारय' एवढंच. एका मुलाने बहुव्रीही लिहून विग्रहही दिला होता : पिवळे आहे वस्त्र ज्याचे असा तो, विष्णू. दोन्ही उत्तरं बरोबर. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण गठ्ठा मोठा, रात्र झालेली. जुळलं नाही, शून्य दिलं. मुलगा विचारायला आला, तर मी छापील कागद पुढे केला. नंतर वर्षभर त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही.

नातीला हे सांगितलं.

"मग वाढवून दिलेत गुण?"

नाही दिले.