शिवेवरचा दगड

आमच्या घराच्या दक्षिणेला काजूचे भरड होते आणि त्याच्या टोकाशी जांभ्याचा एक घडीव दगड कमरेइतका उभा होता. अलीकडे सावंतवाडी संस्थान, पलीकडे पोर्तुगीजांचा पेडणे महाल. भूगोलाच्या पुस्तकात ती दोन सत्तांची सीमा होती. गुराख्यांच्या लेखी तो टेकून विडी ओढण्याचा दगड होता. आजी म्हणे, "धोंड्याक काय कळता रे, कोण आपलो नि कोण परको?"

ही रेषा निसर्गाने आखलेली नव्हे. तेरेखोलचा किल्ला पोर्तुगीजांनी सावंतवाडीकरांकडून १७४६ मध्ये घेतला, पेडणे महाल त्यांच्याकडे १७८८ मध्ये गेला. म्हणूनच नदीच्या उत्तर तीरावर असूनही तेरेखोल आजवर गोव्याचे राहिले आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये १८८० पासून बारा वर्षे या सीमेवरची जकात उठली होती. १८९२ मध्ये करार संपला आणि नाकी पुन्हा उभी राहिली. तरीही सोयरिकी थांबल्या नाहीत. माझ्या आत्येला पलीकडेच दिली होती; तिच्या सासरचा कौलारू माळा आमच्या भरडातून दिसे.

पुढे १९५४-५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. दूर पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल तेथे धारातीर्थी पडले. माझे मन सत्याग्रहींच्या बाजूचे होते, आजही आहे. परंतु बंद सीमेचा अर्थ मला कळला तो आजीच्या मरणाने. १९५७ च्या श्रावणात ती गेली. अर्ध्या कोसावरच्या लेकीला निरोप पोहोचला तो तिसऱ्या दिवशी, एका गुराख्याच्या तोंडून. दहाव्या दिवशी आत्या दगडापाशी आली. पलीकडच्या चढावर शिपाई उभा होता. वडिलांनी आजीचे एक लुगडे दगडावर ठेवले आणि ते चार पावले मागे सरले. आत्येने ते उचलले, छातीशी धरले आणि ती परतली. कोणी मोठ्याने रडले नाही. मी बारा वर्षांचा होतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आता दगडाला काम उरले नाही, असे आम्हांस वाटले. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्याचे नाकारले. 'फूल' की 'दोन पाने', या प्रश्नावर आत्येच्या घरात भावाभावांत अबोला धरला गेला. वडील फुलाच्या बाजूचे होते. आत्येने दोन पानांना मत दिले आणि ते त्यांना सांगितलेही. परक्यांनी आखलेली रेषा आता तिच्या माणसांनी स्वेच्छेने राखली होती. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले.

भारतीय भाषांच्या अभ्यासात आयुष्य घालविताना या दगडाची आठवण मला वारंवार झाली. आपले वाङ्मयेतिहास अशाच खुणांवर विसंबून लिहिले जातात. बोरकरांच्या कवितेला मराठी आणि कोंकणी अशा दोन दालनांत बसवताना आपण हातात मोजणीची साखळी घेतो. उलट पगार, चावी, बटाटा, बिजागरी, घमेले हे पोर्तुगीज शब्द कोणत्याही नाक्यावर न थांबता आमच्या स्वयंपाकघरात आले. तथापि सगळ्या सीमा खोट्या, असे म्हणून मला सुटता येत नाही. आत्येचे मत खोटे नव्हते.

गेल्या खेपेस गावी गेलो तेव्हा दगड कलला होता, वर शेवाळ होते. पुतण्या म्हणाला, "काका, गडग्याला लावू या का हा?" मी नको म्हटले. त्याने कारण विचारले नाही. दगडाचा माथा हाताने पुसला. तेथे एके काळी एक लुगडे घडी करून ठेवले होते.