पावसाळ्याचा हट्ट सोडताना

सह्याद्रीत भटकायचं तर भर पावसातच, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला राहायला आल्यावरही भारताची तिकिटं जुलैचीच काढायची. मुलांच्या शाळेला तेव्हाच मोठी सुट्टी असते, त्यामुळे हट्ट आणि सोय दोन्ही जुळायचं. आता माझं मत बदललं आहे. गड चढायला मी पावसाळा निवडत नाही.

बदल सुरू झाला तो मिशिगनमध्येच. आमचं गाव सपाट. डोंगर हवा असेल तर मॅकिनॉ पूल ओलांडून ५०० हून जास्त मैलांवरच्या पॉर्क्युपाइन माउंटन्सला जावं लागतं. तिथे जूनमध्ये काळ्या माश्या आणि डास घटकाभर टेकू देत नाहीत. सप्टेंबरअखेर त्याच वाटा निवांत होतात. मेपल लाल-केशरी झालेले असतात आणि कड्यावरून लेक ऑफ द क्लाउड्स लांबवर दिसतं. शाळेची सुट्टी आणि डोंगराचा हंगाम यांचा काही संबंध नाही, हे मला तिथे पटलं.

मग नाताळच्या सुट्टीत हरिश्चंद्रगड केला. पूर्वी जुलैत गेले तेव्हा शेवाळलेल्या कातळावर पाय कुठे टाकायचा, यातच सगळं लक्ष गेलं होतं. कोकणकड्यावर दिसलं ते नुसतं धुकं. डिसेंबरात मात्र कड्याची आत वळलेली प्रचंड भिंत समोर होती आणि तळाशी कोकण पसरलेलं. काठाशी पालथं पडून पाहताना मुलं काळ्या दगडातले आडवे थर मोजू लागली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, ही गोष्ट मी तिथेच सांगितली. समोर पुरावा असल्यामुळे त्यांना ती लगेच कळली.

पावसावरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. कोकणकड्यावर इंद्रवज्र, म्हणजे गोलाकार इंद्रधनुष्य, दिसायला ढगच लागतात. पण पाऊस अनुभवायचा तर पायथ्याच्या गावात राहावं, सोनकी आणि तेरडा पाहायला सप्टेंबरात पठारावर जावं, आणि गडांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी राखून ठेवावा. मार्चनंतर ऊन तापतं, बऱ्याच टाक्यांतलं पाणी आटतं. म्हणून आमच्याकडे आता आधी डोंगर ठरतो, मग त्याचा ऋतू, आणि तिकिटं सगळ्यात शेवटी.